स्नॅपशॉटआधी डेटा डिस्कवर पक्का कसा उतरवायचा

लिनक्स सर्व्हरचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेण्याआधी ‘दोन-तीनदा सिंक कमांड मारा’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो सोडून द्या. सिंक त्या क्षणापर्यंतचा डेटा डिस्कवर उतरवतो, पण तो संपतो न संपतो तोच दुसरा एखादा प्रोग्रॅम नवं काही लिहितो आणि ते पुन्हा पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच, पडून राहतं. मूळ सेटिंगमध्ये 30 सेकंदांपर्यंत! स्नॅपशॉटसाठी लिहिणंच थांबवावं लागतं.

एलव्हीएमचा (लिनक्समधल्या लॉजिकल व्हॉल्यूम व्यवस्थेचा) स्नॅपशॉट असेल तर फाइल सिस्टिमची काळजी नको, कर्नलमधला डिव्हाइस मॅपर ती आपणहून गोठवतो, म्हणजे तिच्यावरचं लिहिणं थांबवतो. खालचं सगळं सॅन (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज) आणि क्लाउडच्या व्हॉल्यूमसाठी आहे.

आधी डेटाबेस. मायएसक्यूएलमध्ये ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ (टेबलांवरचं लिहिणं अडवणारी कमांड) द्या आणि ते सेशन उघडं ठेवा. सेशन बंद झालं की लॉकही सुटतो, आणि एरर कुठेच दिसत नाही. त्या स्नॅपशॉटवरून रेप्लिका (डेटाबेसची सतत अद्ययावत राहणारी प्रत) उभी करायची असेल तर बायनरी लॉगची (बदलांच्या नोंदीची) फाइल आणि पोझिशन आत्ताच टिपा. डेटा आणि रिडू लॉग (क्रॅशनंतर डेटा सावरायला लागणारी नोंद) वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर दोन्ही गोठवा आणि दोन्हींचे स्नॅपशॉट दोन्ही गोठलेले असतानाच घ्या.

मग डेटाच्या माउंटवर एफएसफ्रीझ, ही फाइल सिस्टिम गोठवणारी कमांड, चालवा. खरी जोखीम इथे आहे. गोठलेल्या माउंटवर जो लिहायला जाईल तो तिथेच अडकतो, डी स्टेटमध्ये (सिग्नललाही दाद न देणाऱ्या प्रतीक्षेत). किल नाइननेही तो हलत नाही. म्हणून रूट फाइल सिस्टिम कधीही, कोणत्याही कारणासाठी हाताने गोठवू नका. सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लॉग लिहायला जातो, तोही अडकतो, आणि वितळवण्याची कमांड द्यायला तुमच्याकडे काही उरत नाही. तुमच्या स्क्रिप्टचा स्वतःचा लॉगही गोठणाऱ्या माउंटवर नको.

स्क्रिप्टमध्ये ट्रॅप (स्क्रिप्ट मध्येच थांबली तरी वितळवण्याची कमांड चालवणारी सोय) लावला म्हणजे झालं, असं बरेच जण सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. स्नॅपशॉटची कमांडच लटकली तर ट्रॅपची पाळी ती संपल्यावर येते. गोठवण्याआधी एक स्वतंत्र प्रोसेस मागे सोडा: ठरावीक सेकंद झोपून ती एफएसफ्रीझ यू पर्यायासह (म्हणजे वितळवण्यासाठी) चालवेल, बाकी काही करणार नाही. तिने वितळवलं असेल तर तो स्नॅपशॉट बाद समजा. सगळंच अडकलं तर मॅजिक सिसआरक्यूची (थेट कर्नलला आदेश देणाऱ्या सोयीची) ‘जे’ कळ गोठलेल्या फाइल सिस्टिम बळाने सोडवते. ती सोय चालू आहे का ते आज तपासा, अडकल्या रात्री नको.

स्नॅपशॉट पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. ॲमेझॉनच्या ईबीएसवर (क्लाउड डिस्क सेवेवर) स्थिती ‘पेंडिंग’ दिसली की तो क्षण पकडला गेलेला असतो. लगेच वितळवा, मग लॉक सोडा.

शेवटी स्नॅपशॉटवरून बनवलेला व्हॉल्यूम दुसऱ्या मशीनवर जोडा, मायएसक्यूएल सुरू करा आणि एरर लॉग वाचा. मूळ मशीनवरच एक्सएफएस फाइल सिस्टिम माउंट करत असाल तर नोयूयूआयडी पर्याय द्यावा लागेल, कारण दोन्हींचा ओळख क्रमांक (यूयूआयडी) एकच असतो.