मानेला मार, विमानप्रवास आणि गरगरणे : या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात कोणाला घेरी आली की ऊन लागले असे म्हणून पन्हे, कांदा आणि फार तर एखादी सलाईन यांवर प्रकरण मिटवले जाते. उरलेल्या महिन्यांत त्याच तक्रारीला पित्त, लो बीपी किंवा ‘सर्व्हायकल’ (मानेच्या मणक्यांचा त्रास) यांपैकी एखादे नाव मिळते. ऊन खरोखरच लागते, आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या गावात ते आधी आठवणे स्वाभाविकही आहे. परंतु समृद्धी महामार्गावर मागच्या गाडीची धडक बसल्यानंतर किंवा सर्दी अंगावर काढून विमानप्रवास केल्यानंतर जे गरगरणे सुरू होते, त्याचे मूळ अनेकदा आंतरकर्णात, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागात असते आणि त्याची आठवण सर्वांत शेवटी होते.

‘मानेत गॅप आहे’ एवढ्यावर थांबणे

मागून धडक बसली की डोके आधी मागे आणि मग पुढे फेकले जाते व मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात. काही दिवसांनी चक्कर येऊ लागल्यावर मानेचा एक्स-रे काढला जातो, त्यात मणक्यांची झीज किंवा मणक्यांमधले कमी झालेले अंतर दिसते आणि कारण सापडले असे समजून शोध थांबतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पन्नाशी-साठीनंतर अशी झीज ज्यांना कधीच चक्कर आली नाही त्यांच्याही एक्स-रेत सर्रास दिसते, त्यामुळे झीज दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच येते असे ठरत नाही. मानेमुळे तोल जाऊ शकतो, हे खरे आहे. मानेच्या वरच्या भागातील सांधे आणि स्नायू डोके कोणत्या स्थितीत आहे हे मेंदूला सतत कळवत असतात आणि दुखापतीनंतर ही माहिती चुकीची जाऊ लागते. मात्र या प्रकारची चक्कर खात्रीने ओळखणारी एकही चाचणी नाही, म्हणून कान, मेंदू, रक्तदाब आणि औषधे ही कारणे बाजूला सारल्यावरच ते निदान करायचे असते. आपल्याकडे शेवटी करायचे निदान सर्वांत आधी केले जाते.

धंतोलीत किंवा रामदासपेठेत डॉक्टरांसमोर बसण्यापूर्वी रुग्णाने दोन गोष्टी टिपून ठेवल्या तर फाइलमधल्या अर्ध्या तपासण्यांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो : चक्कर किती वेळ टिकते आणि ती कशाने सुरू होते. कूस बदलताच येऊन मिनिटाच्या आत थांबणारी, उभे राहिल्यावरच येणारी, कानात आवाज येऊन व ऐकू कमी होऊन तासन्‌तास चालणारी आणि दिवसेंदिवस न थांबणारी, अशा या चार वेगवेगळ्या आजारांच्या वाटा आहेत.

यांतली पहिली वाट मानेला किंवा डोक्याला मार बसल्यानंतर फार वेळा दिसते. आंतरकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. धक्क्याने ते जागचे सुटून डोके फिरल्याचे मेंदूला कळवणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी एखाद्या नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरतात. रुग्ण पहाटे उजव्या कुशीवर वळतो, छत आणि पंखा वेगाने फिरू लागतात, तो पलंगाची कड घट्ट धरतो, आणि अर्ध्या मिनिटात सर्व शांत होते. मान वळवली की चक्कर येते, म्हणून दोष मानेचा, हा तर्क येथे फसतो, कारण मान वळते तेव्हा कानही वळतोच. डिक्स-हॉलपाइक चाचणीत रुग्णाचे डोके ४५ अंश एका बाजूला वळवून त्याला झटकन मागे निजवतात. काही सेकंद काहीच होत नाही आणि मग डोळे स्वतःहून विशिष्ट दिशेने झटके देऊ लागतात. निदान झाल्यावर एप्लेच्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने फिरवून स्फटिक पुन्हा जागी नेले जातात, आणि पुष्कळ रुग्णांना एक-दोन खेपांतच आराम पडतो. त्यासाठी ना एमआरआय लागतो, ना महिनोन्‌महिने गोळ्या.

यात आणखी एक चूक दडलेली आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरच्या घरी हा प्रयोग करणारे कोणता कान आणि कोणती नलिका हे न ठरवताच डोके फिरवतात. मानेला ताजी दुखापत असेल तर ती आधी तपासून सुरक्षित ठरल्याशिवाय मान मागे लोंबकळती ठेवणे धोक्याचे असते. अशा रुग्णांसाठी कुशीवर झोपवून करायची पद्धत उपलब्ध आहे.

पट्टा आणि गोळी

फ्रॅक्चर किंवा अस्थिरता नसताना मानेचा पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवल्याने मान आखडते आणि बरे होणे लांबते. गोळ्यांचे असेच आहे. प्रोक्लोरपेराझीन किंवा सिनारिझीन तीव्र चक्करीत आणि उलट्यांत काही दिवसांपुरती कामाची असतात. पुढे त्याच चिठ्ठीवर औषधांच्या दुकानातून परस्पर आणत राहिल्यास मेंदूची तोल सावरण्याची क्षमता दबते आणि वृद्धांमध्ये हातांचा कंप व हालचालींतला संथपणा, म्हणजे पार्किन्सनसारखी लक्षणे, उद्भवू शकतात. नजर आणि डोके यांच्या हालचालींचे व्यायाम कंटाळवाणे असतात, पण पुष्कळांचा तोल त्यांनीच सावरतो.

सलूनमध्ये मालीश करताना मान कडकन मोडून घेण्याची सवय मात्र सरळ सोडून द्यावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या अस्तराला अशा झटक्याने किंवा अपघाताने चीर पडू शकते, आणि त्याची लक्षणे कधीकधी काही दिवसांनी दिसतात. मानेत किंवा डोक्याच्या मागे पूर्वी कधी झाले नव्हते असे दुखणे आणि त्याबरोबर गरगरणे, दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे, चेहरा बधिर होणे, गिळता न येणे किंवा चालताना एका बाजूला कोलमडणे असे काहीही असल्यास उद्याची अपॉइंटमेंट न घेता त्याच तासाला नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, एम्स किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

सर्दी असताना विमान

डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत मुंबई-नागपूर विमाने भरलेली असतात आणि त्याच दिवसांत नागपूरकर सर्दीने बेजार असतात. उडत्या विमानाच्या आतला दाब साधारणपणे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो, तर नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. वर जाताना मध्यकर्णातली हवा सहज बाहेर पडते, परंतु उतरताना ती आत घेण्यासाठी घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडावी लागते आणि सर्दीने ती सुजलेली असते. म्हणून दडे बसतात, कान ठणकतात, आणि दोन कानांतला दाब असमान राहिला तर गरगरते. उतरण्याच्या वेळी झोपून राहू नये. आवंढा गिळत किंवा जांभई देत राहावे आणि तान्ह्या बाळाला त्या वेळी दूध पाजावे. नाकात टाकायचा स्प्रे उतरण्यापूर्वी अर्धा तास वापरता येतो, मात्र रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

नाक दाबून हवा फुंकण्याचा उपाय सर्वांना ठाऊक असतो, पण दडा सुटत नाही म्हणून जीव खाऊन फुंकल्यास आंतरकर्णाचा नाजूक पडदा फाटून त्यातला द्रव गळू शकतो. उतरल्यानंतर ऐकू येणे अचानक कमी झाले आणि चक्कर कायम राहिली, तर ‘दडा आहे, सुटेल’ म्हणत आठवडा घालवू नये. एक-दोन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी, कारण अशा बहिरेपणावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे.

कॉकपिटमधला कान

गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींसाठी हा विषय आणखी गंभीर आहे. बादली गोल फिरवली की पाणी आधी मागे राहते आणि थोड्या वेळाने तिच्याबरोबर फिरू लागते. आंतरकर्णाच्या नलिकांतल्या द्रवाचे तसेच होते. म्हणून एकाच गतीने चाललेले वळण दहा-वीस सेकंदांनंतर जाणवेनासे होते, आणि विमान सरळ केले की ते उलट बाजूला वळत असल्याचा भास होतो. ढगात किंवा काळोखात वैमानिक या भासावर विसंबला तर तो विमान पुन्हा वळणात घालतो. अशा वळणात खाली पडलेला नकाशा उचलण्यासाठी मान झटकन वाकवणे हीही चूकच, कारण त्याने एकाच वेळी दुसऱ्या नलिका चाळवल्या जातात.

उपकरणांवर विश्वास ठेवा, हा धडाही अर्धवट शिकून चालत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर लगेचच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जणांचा मृत्यू झाला. कप्तानासमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडून विमान उजवीकडे झुकल्याचे दाखवत राहिले, काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते, आणि कप्तानाने विमान डावीकडे अधिकाधिक झुकवले. एक उपकरण नेहमी दुसऱ्याशी ताडून पाहावे लागते. वायुसेनेच्या बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना असे भास जमिनीवरच्या यंत्रात मुद्दाम अनुभवायला लावले जातात.

लढाऊ वैमानिकाच्या मानेचा हिशेब निराळा असतो : सुमारे पाच किलोचे डोके सात जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सातपट, बलाखाली पस्तीस किलोंचा भार होते, हेल्मेट वेगळेच. त्या क्षणी मान वळवून मागे पाहिले की लचक भरते, आणि ती लपवून पुढचे उड्डाण करणारा मान दुखते म्हणून नजर पुरेशी फिरवत नाही. नागरी वैमानिकही परवाना अडकेल या भीतीने चक्कर सांगत नाहीत आणि सर्दीसाठी गुंगी आणणारी गोळी स्वतःच घेतात. स्फटिकांमुळे येणारी चक्कर बरी होण्यासारखी असते. उपचार होऊन वैद्यकीय परीक्षकांनी पुन्हा तंदुरुस्त ठरवेपर्यंत उड्डाण थांबवावे, आणि गोळीचा प्रत्येक घटक त्यांना दाखवूनच ती घ्यावी.