जीन एडिट केलेल्या रक्ताच्या स्टेम सेलचा प्राण्यांवरचा स्टडी कसा वाचायचा

आधी बघा किती दिवस लक्ष ठेवलंय, कारण उंदरात साधारण १६ आठवडे तरी थांबल्याशिवाय खऱ्या स्टेम सेल (दीर्घकाळ रक्त बनवत राहणाऱ्या मूळ पेशी) टिकल्या का ते नीट कळतच नाही, आणि त्याच उंदराच्या बोनमॅरोतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) पेशी दुसऱ्या उंदरात घालून परत बघितलं असेल तर अजून चांगलं. मग कंट्रोल ग्रुप शोधा, एडिट न केलेल्या पेशी दिलेला, कारण नव्या पेशींना जागा करायला आधी दिलेल्या बुसल्फान या औषधाने किंवा रेडिएशननेही प्राणी आजारी पडतात, दोष उगाच एडिटिंगवर जातो. नुसतं "ट्यूमर दिसला नाही" यावर अजिबात समाधान मानू नका! क्रिस्परने (डीएनए कापून जीन एडिट करायचं तंत्र) कापलं तिथेच डीएनएचा मोठा तुकडा उडालाय का, एकाच पेशीची पिल्लावळ रक्तभर पसरत चाललीये का, हे तपासलेलं हवंच. माकडांचा वर्षानुवर्षांचा डेटा असेल तर तो आधी वाचा.