परदेशात ख्रिस्ती सेवेला असलेल्या कुटुंबासाठी : साथीच्या दिवसांत घर आणि मंडळी सांभाळताना

राहायचं की परतायचं, हा निर्णय विमानं चालू असतानाच घ्यावा लागतो. मार्च २०२० मध्ये कित्येक देशांच्या सीमा काही दिवसांत बंद झाल्या आणि ज्यांनी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हटलं ते अडकले. म्हणून साथ अजून दूर असतानाच नवरा-बायकोने बसून तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत. घरात कोणाला असा आजार आहे का, ज्याचं औषध इथे मिळेनासं होऊ शकेल? व्हिसाची किती मुदत उरली आहे? आपण गेलो तर मंडळीकडे, म्हणजे इथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाकडे, बघायला दुसरं कोणी आहे का?

तिसरा प्रश्न फार जुना आहे. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर तिथेच राहिले. त्याबद्दल लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की पाळकाने संकटात कळप सोडू नये, पण सेवेला पुरेशी माणसं असतील तर इतरांनी जाण्यात पाप नाही. औषध घ्या, घराला धुरी द्या, गरज नसेल तिथे जाऊ नका, हेही त्याच पत्रात आहे. खबरदारी घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारे भाऊबहीण प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना हे जरूर सांगावं.

राहायचं ठरलं तर कागदपत्रं आधी. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी असेल तर लगेच नूतनीकरणाला द्या, वकिलातीत कुटुंबाची नोंद करा आणि विमा पॉलिसीत साथीचे आजार वगळलेले नाहीत ना, ते वाचा. सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद म्हणजे मुलांचा. आई-वडील दोघेही एकाच वेळी रुग्णालयात गेले तर मुलांना कोण घेईल? त्या कुटुंबाची संमती घ्या आणि एका पानावर मुलांची नावं, जन्मतारखा, रक्तगट, अ‍ॅलर्जी, औषधांचे डोस, पासपोर्ट कुठे ठेवलेत आणि नातेवाइकांचे नंबर लिहून सही करा. हे पान स्थानिक भाषेतही हवं, कारण रात्री दोन वाजता ते वाचणारा शेजारी किंवा नर्स तुमची भाषा जाणत नसते.

घरातच कोणी आजारी पडलं तर खिडकी असलेली एक खोली, काळजी घेणारी एकच व्यक्ती आणि दोघांनाही मास्क. दाराच्या कड्या, नळ, स्विच पुसायला ०.१ टक्का ब्लीच पुरतं. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर २० मिली ब्लीचमध्ये ९८० मिली पाणी घाला. रोज ताजं करा, आणि त्यात अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं दुसरं क्लीनर कधीही मिसळू नका; विषारी वायू होतो. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) लावण्याआधी नखांचं पॉलिश काढा आणि बोटं गार असतील तर चोळून गरम करा, नाहीतर आकडा चुकतो. आकडा ९४ किंवा त्याखाली दिसला तर डॉक्टरांना फोन करा. ९० च्या खाली गेला तर थेट रुग्णालय गाठा.

उपासना फोनवर

आधी गाण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त हट्ट त्याचाच होतो. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट काउंटीत, एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण होते, एकाला लक्षणं होती. त्यातल्या ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याची दाट शक्यता होती आणि दोघे दगावले. मोठ्याने गाताना सूक्ष्म थेंब जास्त सुटतात आणि बंद खोलीत ते तरंगत राहतात. तेव्हा साथ भरात असताना एकत्र गाणं थांबवायचं, यात तडजोड नको.

ऑनलाइन उपासनेत सगळ्यांनी एकत्र गायचा प्रयत्न फसतो तो वेगळ्या कारणाने. प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि दुसऱ्या ओळीतच ताल सुटतो. एकाच घराने गावं, बाकीच्यांनी आपापल्या घरी, माइक बंद ठेवून. झूममध्ये पेटी किंवा गिटार मधूनच गायब होते, कारण अ‍ॅप वाद्याला गोंगाट समजून दाबतं. गाणाऱ्या घराने सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करावं आणि बोलताना पुन्हा बंद करावं.

चित्रापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. चेहरा अंधुक दिसला तरी लोक बसतात, शब्द तुटले की उठून जातात. वायरच्या इअरफोनचा माइक खोलीच्या माइकपेक्षा बरा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफाय चालू करा, म्हणजे संदेशाच्या मधोमध सहसा साधा कॉल येत नाही. पासकोड आणि वेटिंग रूम (आत घेईपर्यंत लोकांना थांबवणारी सोय) ठेवा. लिंक उघड्यावर टाकली की अनोळखी लोक घुसून घाण दाखवतात, आणि तेव्हा पडद्यासमोर संडे स्कूलची मुलं असतात. प्रत्येक वेळी माइक आणि प्रवेश सांभाळणारी एक व्यक्ती वेगळी नेमा. उपदेश करणाऱ्याने हे काम करू नये.

एकूण वेळ ३५ ते ४० मिनिटं. दोन भाषांची मंडळी असेल तर वाक्यामागून वाक्य भाषांतर केल्याने वेळ दुप्पट होतो, म्हणून उतारा आणि मुद्दे आदल्या दिवशी दुसऱ्या भाषेत पाठवा. व्हिडिओला तासाला साधारण एक जीबी डेटा जातो, आणि कामगार बांधवांना तो परवडत नाही. त्यांच्यासाठी तोच संदेश पाच-सात मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये द्या. ती एक-दोन एमबीत मावते.

प्रभुभोजनाबाबत (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका. काही मंडळ्यांनी ते थांबवलं, काहींनी घरोघरी भाकर घेऊन पडद्यासमोर घेतलं, कॅथोलिक परंपरेत आत्मिक सहभागाची प्रार्थना झाली. आपल्या वरिष्ठांकडून लेखी उत्तर मागवा. परदेशातल्या मंडळीत चार पंथांचे लोक एकत्र असतात, आणि इथेच मनं दुखावतात.

नावांची वही

दोनशे जण बघताहेत म्हणून मंडळी सांभाळली जातेय, असं नसतं. साथीतली खरी पाळकीय सेवा वहीतून होते. रकाने असे: नाव, घरात किती जण, बोलण्याची भाषा, एकटे आहेत का, आजार, फोन कोण करणार, शेवटचा फोन कधी, काय हवं. एका जोडप्याकडे आठ-दहा घरं, त्याहून जास्त नकोत. पासपोर्ट किंवा व्हिसाचे नंबर वहीत अजिबात लिहू नका. वही हरवली तर त्या माणसाचं इथलं राहणंच धोक्यात येईल.

'कसे आहात?' विचारलं की 'देवाच्या कृपेने बरं आहे' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काल रात्री काय जेवलात? गोळ्या किती दिवस पुरतील? पगार कोणत्या महिन्याचा आला? झोप लागते का? मग प्रार्थना, आणि ती ऐकलेल्या गोष्टींना धरून. घरातल्या बाईला मारहाण होत असल्याचा संशय असेल तर उघड प्रश्न विचारू नका, फोन स्पीकरवर असू शकतो. हो-नाही एवढंच उत्तर लागेल असं विचारा, मेसेज पाठवू नका, आणि मदतीचा एक ठरलेला शब्द तिच्याशी आधीच बोलून ठेवा.

आजाराच्या बातम्या ग्रुपवर 'प्रार्थना विनंती' म्हणून टाकायच्या नाहीत, त्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय. परक्या देशात अशा एका मेसेजने नोकरी गेलेली असते. देव साथीपासून राखतो असं सांगणाऱ्या स्तोत्र ९१ चा ताईत करणारे फॉरवर्डही थांबवा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, सैतान नेमकं हेच स्तोत्र येशूपुढे टाकतो आणि प्रभू उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नकोस.

अत्यवस्थ रुग्णासाठी वॉर्डमधल्या नर्सला वेळ विचारून पाच मिनिटांचा कॉल ठरवा. आधी नाव घेऊन हाक मारा, आपण कोण ते सांगा, मग स्तोत्र २३, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद, त्यांच्या मातृभाषेत. प्रतिसाद नसला तरी सगळं म्हणा. मृत्यू झाला तर देह मायदेशी नेता येईल असं वचन कुटुंबाला घाईने देऊ नका. वकिलातीचं ना हरकत पत्र, मृत्यूचा दाखला आणि एम्बामिंगचा (देह टिकवण्याच्या प्रक्रियेचा) दाखला लागतो, आणि संसर्गाच्या मृत्यूत विमान कंपन्या नकार देऊ शकतात. स्थानिक दफनभूमीत जागा कशी मिळते, याची चौकशी वेळ येण्याआधीच करून ठेवा.

शिधा आणि पैसे

आपत्तीत माणशी रोज २१०० कॅलरी धरतात. चार जणांच्या एका आठवड्याला १२ किलो धान्य, २ किलो डाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर आणि मीठ, एवढ्यात ते साधारण बसतं. त्यात भाजी आणि साबण जमेल तसा. चूल किंवा गॅस आहे का, हे आधी विचारा. कामगारांच्या खोल्यांत कित्येकदा नसतो, तिथे शिजवलेलं अन्न लागतं. पिशवी देताना फोटो काढू नका आणि उपासनेला यायची अट घालू नका.

मदतनिधी घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका. दोन सह्या, प्रत्येक खर्चाची पावती आणि देणाऱ्यांना महिन्याला एक पानी हिशेब. देणाऱ्यांच्याही नोकऱ्या जातात, त्यामुळे आधार घटणार हे धरून दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या.

राहिलं आपलं घर. कौटुंबिक भक्ती दहा-पंधरा मिनिटांची, वाचन मुलांकडे. आजी-आजोबांशी बोलण्याची वेळ दोन्हीकडच्या घड्याळांनुसार ठरवून भिंतीवर लावा. आठवड्यातला एक दिवस सेवेचा फोन दुसऱ्या जोडप्याकडे द्या आणि त्यांचा नंबर मंडळीला रविवारीच सांगा. नाहीतर लोक सवयीने तुमच्याच घरच्या नंबरवर फोन करतील आणि मुलांना आई-बाबा त्याही दिवशी मिळणार नाहीत.