बोर्ड-प्रोसेसर बदलून विंडोज टाकताय? या चुका टाळा

मृगाच्या पहिल्या विजांमध्ये गावोगावच्या सेवा केंद्रांतल्या आणि झेरॉक्सच्या दुकानांतल्या कॉम्प्युटरचे बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, जळतात. मग अमरावतीहून किंवा नागपूरच्या सीताबर्डीवरून नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम येते. कॅबिनेट आणि हार्ड डिस्क जुनीच राहते. बोर्ड बसवायला तासभर पुरतो. खरं नुकसान त्यानंतर, विंडोज टाकताना होतं, आणि ते पार्टचं नसून डेटाचं असतं. पीकविमा आणि दाखल्यांची रांग दाराशी असली की घाई होते, म्हणून पेनड्राइव्ह लावण्याआधी हे वाचा.

सगळ्यात महाग चूक: जुनी डिस्क जोडूनच इन्स्टॉल सुरू करणे

जुन्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा 500 जीबी किंवा 1 टीबीची एकच हार्ड डिस्क असते. तिचे सी, डी आणि ई असे भाग पाडलेले असतात. ग्राहकांची कागदपत्रं, टॅलीचा डेटा आणि फोटो डी-ई मध्ये असतात. ही डिस्क बहुधा एमबीआर पद्धतीची, म्हणजे पार्टिशनची नोंद जुन्या पद्धतीने ठेवणारी असते. नवे बोर्ड मात्र यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर चालतात आणि त्यांना विंडोजसाठी जीपीटी या नव्या नोंद पद्धतीची डिस्क लागते. त्यामुळे पार्टिशन निवडायच्या पानावर संदेश येतो, की या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, कारण तिच्यावर एमबीआर पार्टिशन टेबल आहे.

इथे घात होतो. कोणीतरी सांगतं, 'सगळे पार्टिशन डिलीट मारा, मग होते.' होतं खरं, पण सी सोबत डी आणि ई सुद्धा जातात. पार्टिशन पद्धत पूर्ण डिस्कची असते, एकट्या सी ची नसते.

एमबीआरचं जीपीटी करणारं विंडोजचं स्वतःचं साधन आहे, एमबीआर-टू-जीपीटी. पण डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन आणि त्यात लॉजिकल भाग असतील तर ते नकार देतं. सी-डी-ई पाडलेल्या जुन्या डिस्कवर बहुधा तेच असतं. म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका.

आमच्या मते सरळ वाट एकच. विंडोजसाठी 240 किंवा 256 जीबीची नवी एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घ्या. इन्स्टॉल करताना जुन्या हार्ड डिस्कची साटा वायर (बोर्डाला जोडणारी डेटाची वायर) काढून ठेवा. विंडोज पूर्ण बसलं की कॉम्प्युटर बंद करून ती डिस्क जोडा. नुसता डेटा ठेवणारी एमबीआर डिस्क नव्या विंडोजमध्ये नीट उघडते. वायर काढण्याचं दुसरंही कारण आहे: दोन डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोज कधी कधी आपली बूटची फाइल जुन्या डिस्कवर टाकतं. सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की नवी एसएसडी चालू होत नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

जुनी डिस्क जोडल्यावर 'फॉर्मॅट करा' किंवा 'इनिशियलाइझ करा' असा प्रश्न आला तर कॅन्सल करा. वायर ढिली आहे का ते आधी पाहा. ड्राइव्हचं अक्षर बदललं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून पुन्हा डी द्या, नाहीतर टॅलीला डेटाचा पत्ता सापडणार नाही.

बिटलॉकरची किल्ली

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या किंवा प्रोसेसरच्या टीपीएम या सुरक्षा भागात असते. बोर्ड बदलला की 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर डेटा संपला. जुना कॉम्प्युटर चालू असतानाच सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहा आणि बंद करा. डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. बोर्ड आधीच गेला असेल तर ही की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधा. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं, म्हणून 'आम्ही तर कधी लावलंच नाही' यावर विसंबू नका.

लायसन्स

विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः बोर्डाला बांधलेलं असतं. ब्रँडेड कॉम्प्युटरसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या बोर्डासोबतच संपतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. आपलं कोणतं, हे जुन्या विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर, जागा सोडून स्लॅश, डी-एल-आय (slmgr /dli) टाकलं की कळतं. रिटेल असेल तर बोर्ड काढण्याआधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडा. नव्या विंडोजमध्ये त्याच अकाउंटने लॉगिन करा, ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबा आणि हार्डवेअर नुकतंच बदलल्याचा पर्याय निवडा. जुन्या विंडोजची जी आवृत्ती होती, होम किंवा प्रो, तीच टाका. आवृत्ती बदलली तर लायसन्स जुळत नाही.

क्रॅक टाकू नका. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचा आधारचा अंगठा लागतो आणि बँकेचे पैसे निघतात, त्यावर अनोळखी ॲक्टिव्हेटर चालवणं म्हणजे गावाचा विश्वास धोक्यात घालणं आहे.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नवा संच घेताना विंडोज 11 चालेल असाच घ्या: इंटेलची 8वी पिढी किंवा रायझन 2000 मालिका आणि त्यापुढचे बहुतेक प्रोसेसर, टीपीएम 2.0 आणि सिक्योर बूट (चालू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालवणारी सोय). टीपीएम अनेकदा बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलच्या बोर्डात तो पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम या नावाने असतो.

डिस्प्ले येत नाही, डिस्क दिसत नाही, नेट लागत नाही

नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहील. प्रोसेसरची 8 पिनची वायर राहून गेली तरी पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही हेही कारण असतं, म्हणून दुकानदाराकडून बायोस अपडेट करूनच बोर्ड घ्या. गावात करायचं झालं तर यूपीएस जोडल्याशिवाय नको. अपडेटच्या मध्ये लाइन गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

इंटेलच्या 11व्या पिढीपासून पुढे व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असेल तर इन्स्टॉलमध्ये एसएसडी अनेकदा दिसत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा किंवा बोर्डाच्या साइटवरून आयआरएसटी हा इंटेलचा डिस्क ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणून 'लोड ड्रायव्हर' करा. काही बोर्डांत एम.2 स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) वापरला की एक साटा पोर्ट बंद पडतो. कोणता ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

नव्या बोर्डाचं लॅन अनेकदा विंडोजच्या पेनड्राइव्हला ओळखू येत नाही आणि विंडोज 11 चा सेटअप नेटशिवाय अडून बसतो. अशा वेळी ॲन्ड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण लॅनचा ड्रायव्हर आधीच घेऊन ठेवलेला बरा, कारण 8 जीबीचा पेनड्राइव्ह भरेपर्यंत गावातलं नेट कधी जाईल सांगता येत नाही.

सेवा केंद्राची खास सामग्री

टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. जुन्या कॉम्प्युटरवरून ते सरेंडर करून मगच बोर्ड काढा. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं, त्यामुळे नव्या विंडोजवर फक्त टोकनचा ड्रायव्हर टाका. टोकन फॉर्मॅट किंवा इनिशियलाइझ करू नका, सही कायमची जाईल. अंगठ्याच्या मशीनला ड्रायव्हरसोबत आरडी सर्व्हिसही (आधारसाठी लागणारं सॉफ्टवेअर) लागते. ती चालू नसेल तर लाइट लागेल पण अंगठा घेतला जाणार नाही. क्रुतिदेव आणि श्रीलिपीचे फॉन्ट जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून आधी उचलून ठेवा, नाहीतर जुने दाखले इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात.

सरकारी साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल तर आधी तारीख आणि टाइम झोन पाहा. तो भारताचा, म्हणजे यूटीसी अधिक 5:30 हवा.

जुना बोर्ड विजेने गेला असेल तर नवा जोडण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण 230 व्होल्ट, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा कमी यायला हवेत. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाहीच, असं समजा.