प्लास्टिक किटच्या अंतराळयानात कमी खर्चात दिवे कसे बसवावेत

सुटे भाग जोडून मॉडेल बनवायच्या किटचं प्लास्टिक म्हणजे बहुधा पॉलिस्टायरीन, आणि त्यातून उजेड आरपार येतो. पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी भागाआड एलईडी लावला, तर खिडक्या दिसतच नाहीत. अख्खं यान आकाशकंदिलासारखं उजळतं. म्हणून दिव्यांचं काम काळ्या रंगापासून सुरू होतं. त्याला दिव्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावाच.

भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, कापून आधी न चिकटवता जुळवून बघा. मग आतल्या बाजूने काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या, दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर. त्यावर एक हात पांढरा: काळा उजेड अडवतो, पांढरा तो खिडक्यांकडे परतवतो. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे वापरणार असाल, तर लांबून आणि हलका मारा. एकदम जाड बसला तर त्यातलं थिनर प्लास्टिक खातं. जोडाच्या कडा कोऱ्या ठेवा. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा धरतं, रंगावर ते पकडत नाही.

आता खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च आत धरा. जिथे उजेड झिरपतो तिथे आणखी एक हात द्या. सांध्याची फट मात्र रंगाने बुजत नाही. तिथे एका अर्ध्या भागाच्या आतून ३ मिलिमीटर रुंदीची स्टायरीनची पट्टी अशी चिकटवा, की अर्धी बाहेर राहील आणि दुसरा भाग तिच्यावर चढेल.

साधारण ३० सेंटीमीटर लांबीच्या यानाला ३ मिलिमीटरचे आठ-दहा एलईडी पुरतात: खिडक्यांना वॉर्म व्हाइट, इंजिनाला निळे, कडेच्या दिव्यांना लाल आणि हिरवा. सोबत पाव वॅटचे रेझिस्टर, म्हणजे एलईडीतला प्रवाह मर्यादेत ठेवणारे छोटे भाग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत हे सामान सुटं मिळतं. तारेसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली ०.२ मिलिमीटरची इनॅमल तार, म्हणजे वीजरोधक लेपाचा पातळ थर दिलेली तांब्याची तार, घ्या; ती अरुंद जागेतूनही जाते. टोकावरचं इनॅमल ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर (तारा जोडायचा वितळवलेला धातू) बसत नाही, हे विसरू नका.

वीज जुन्या मोबाइल चार्जरची, ५ व्होल्ट. यूएसबी केबल कापली की बहुधा लाल तार धन आणि काळी ऋण असते, पण स्वस्त केबलच्या रंगांवर भरवसा ठेवू नका, मल्टिमीटरने तपासा. पॉवरबँक इथे अनेकदा दगा देते: वीज फारच कमी खेचली जाते, त्यामुळे काही जोडलेलं नाही असं समजून ती थोड्या वेळाने स्वतःच बंद होते.

पांढरा आणि निळा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो, लाल सुमारे २. दहा मिलीअँपिअरसाठी पांढऱ्याचा हिशेब (५ − ३) ÷ ०.०१ = २०० ओहम, म्हणून २२० लावा; लालला ३३०. खिडक्यांसाठी मात्र सरळ १ किलोओहम लावा. प्रवाह २ मिलीअँपिअरवर येतो आणि तेवढा उजेड भरपूर होतो. झगझगीत खिडक्यांनी यान खेळण्यासारखं दिसतं. मंद प्रकाशात ते मोठं वाटतं.

प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्या आणि मग सगळे समांतर जोडा. लाल आणि पांढरा मिळून एकच रेझिस्टर ठेवला तर जवळजवळ सगळा प्रवाह लालमधून जातो आणि पांढरा पेटतच नाही. सोल्डरिंग यानाच्या बाहेरच उरका, कारण गरम टोक नुसतं टेकलं तरी प्लास्टिक वितळतं. जोडांवर स्लीव्ह, म्हणजे वीजरोधक बारीक नळी, चढवा. उजेड अडवायला अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरलं असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण उघडा जोड फॉइलला लागला की शॉर्ट झालाच.

एलईडीचा गोल माथा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासा, म्हणजे उजेड एका ठिपक्यात न पडता पसरतो. मोठ्या खिडक्यांमागे बटर पेपर लावा. बारीक खिडक्यांना हाताच्या ड्रिलने ०.६ मिलिमीटरचं भोक पाडून ०.५ मिलिमीटरचा प्लास्टिक ऑप्टिकल फायबर ओवा. तो फेविकॉलने चिकटवा. सुपरग्लूने फायबर ठिसूळ होऊन मोडतो, आणि त्याच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढुरका थर बसतो. बाहेरचं टोक थोडं लांब ठेवून यान रंगवा आणि सगळ्यात शेवटी ते पृष्ठभागालगत कापा, म्हणजे टोकाला रंग राहत नाही.

इंजिन पिवळसर-नारिंगी हवं असेल, तर दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीवरच्या पणत्या उत्तम. लुकलुकण्याची चिप त्या एलईडीतच असते. पणतीत ३ व्होल्टचा सेल असल्यामुळे रेझिस्टर बहुधा नसतो, पण ५ व्होल्टवर २२० ओहम लावलाच पाहिजे. कडेचे दिवे विमानासारखे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. आपोआप उघडझाप करणारा एलईडी दुसऱ्याशी एकसरीत (एकामागे एक) जोडलात, तर दोघेही मिचकावतात.

तारा स्टँडच्या पितळी नळीतून खाली काढा. नळीच्या तोंडाची धार घासून बोथट करा, नाहीतर ती इनॅमल सोलते. यान बंद करण्याआधी दिवे दोन-तीन तास चालू ठेवा आणि मधूनमधून तारा हलवून बघा. कच्चा जोड असेल तर दिवा तेव्हाच फडफडतो. शक्य असेल तिथे पोटाकडचा एखादा पॅनेल कायमचा न चिकटवता फेविकॉलच्या दोन ठिपक्यांवर बसवा, म्हणजे पुढे एलईडी गेला तरी सांधा फोडावा लागणार नाही.