पाणी चढतंय की ओसरतंय? नदीतला मिथेन मोजायला निघालेल्यांसाठी

उष्णकटिबंधातल्या नदीतून किती मिथेन निघतो यावर काम करायचंय, असं कोणी नवखं म्हणालं की मी आधी विचारते: पाणीपातळीची रोजची नोंद मिळेल अशी जागा निवडलीय का? उपकरणं उसनी मिळतात. सरलेल्या मोसमाची पातळी मात्र परत मोजता येत नाही. अ‍ॅमेझॉन खोऱ्यात मानाउस बंदरात निग्रो नदीची पातळी 1902 पासून नोंदली जाते. तिथे पाणी वर्षभरात साधारण 10 मीटर चढतं-उतरतं. जून 2021 मध्ये ते 30 मीटरच्या वर गेलं, ऑक्टोबर 2024 मध्ये 13 मीटरच्याही खाली आलं.

10 मीटर पाणी म्हणजे तळावर जवळजवळ एका वातावरणाइतका जादा दाब. गाळातला ऑक्सिजन संपला की तिथले आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मिथेन बनवू लागतात. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे बुडबुड्यांच्या रूपात गाळात अडकून राहतो. पाणी ओसरू लागलं की दाब घटतो, बुडबुडे फुगतात आणि सुटतात. उथळ पाण्यातून ते झटकन वर येतात, वाटेत विरघळून मिथेन खाणाऱ्या जीवाणूंच्या तावडीत फारसे सापडत नाहीत. गाळ पूर्ण उघडा पडून वाळला, की हवा आत शिरते आणि मिथेन आटतो. कार्बन डायऑक्साइड मात्र निघत राहतो.

चढत्या पाण्याची तऱ्हा निराळी. ते काठावरचं गवत, पालापाचोळा बुडवतं. कुजताना आधी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, लोह, सल्फेट यांचा नंबर लागतो, आणि मिथेनची पाळी सर्वांत शेवटी. म्हणजे उत्सर्जन पातळीच्या मागे रेंगाळतं. पट्टीवर आकडा तोच असला तरी चढतानाचं आणि उतरतानाचं मोजमाप जुळत नाही. म्हणून पातळी आणि उत्सर्जनाच्या आलेखात सरळ रेषा बसवायची घाई करू नका. बिंदू तारखेच्या क्रमाने जोडा; बरेचदा फास, म्हणजे बंद वळसा, दिसतो, आणि खरी माहिती त्या फासातच असते.

आता नावेवरचं काम. तरंगत्या चेंबरमध्ये, म्हणजे पाण्यावर पालथ्या ठेवलेल्या बंद डब्यात, मिथेन हळूहळू वाढताना दिसतो आणि मधेच रेषा एकदम उडी मारते. बुडबुडा आत शिरलेला असतो. असं वाचन ‘बिघडलेलं’ समजून फेकून देण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. ओसरत्या पाण्यात बहुतेक मिथेन याच वाटेने जाऊ शकतो. बुडबुड्यांसाठी पाण्याखाली उलटी नरसाळी लावा आणि ती अनेक दिवस ठेवा, तासाभरात काही कळत नाही. वाहत्या पाण्यात चेंबर दोरीने बांधून ठेवला तर त्याच्याभोवती खळबळ माजते आणि आकडा फुगतो, म्हणून तो प्रवाहाबरोबर वाहू द्यावा. उथळ जागी नांगर टाकताना, वल्ही मारताना गाळ ढवळला की बुडबुडे तुम्हीच सोडलेले असतात. अशा बाबतीत नावाड्याचं ऐकावं, त्याला तळ पाठ असतो.

नुसत्या पाण्याच्या पृष्ठभागावर विसंबूनही चालत नाही. पुरात उभ्या असलेल्या झाडांच्या खोडांतून मिथेन निघतो. संशोधक सुनीता पंगला आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानांतला हा वाटा केवढा मोठा आहे ते दाखवलं. खोडावर पाण्याच्या रेषेजवळ सर्वाधिक वायू मिळतो आणि ही रेषा पातळीबरोबर सरकते, तेव्हा मोजण्याची उंची दर वेळी लिहून ठेवा.

अभ्यासाचं म्हणाल तर रसायनशास्त्राइतकीच संख्याशास्त्राची तयारी हवी. बरीचशी वाचनं बारीक आणि मोजकी प्रचंड, असा हा डेटा असतो. सरासरी आणि मध्यक यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. पुढे नोकरीच्या दृष्टीने धरणांकडे पाहा. वीजमागणीनुसार तिथे पातळी दिवसातही बदलते, आणि आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या) 2019 च्या सुधारित मार्गदर्शक पद्धतीत जलाशयांतला मिथेन मोजायची रीत दिलेली असल्याने देशोदेशीच्या हरितगृह वायूंच्या हिशेबासाठी हे मोजमाप जाणणारी माणसं लागतात.