सुताचा काउंट तारीख होतो तेव्हा: एक्सेलची नको ती दुरुस्ती कशी थांबवायची

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं हिशेब आणि डिस्पॅच बघते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या आधी ऑर्डरींची घाई चालू होती, तेव्हा सूतवाल्यांचा फोन आला. "अक्का, तुमच्या लिस्टीत काउंटच्या जागी दोन ऑक्टोबर आलंय. सूत कुठलं पाठवू?" काउंट म्हणजे सूत किती जाड-बारीक ते सांगणारा आकडा. आम्हाला हवं होतं २/१०, म्हणजे दहा काउंटचं डबल सूत. आमच्या पोरानं टाइपही तेच केलं होतं. एंटर मारलं आणि एक्सेलनं त्याची तारीख केली. पोरगं रडवेलं झालं होतं, आणि चूक त्याची नव्हतीच.

ही नुसती दिसण्यातली गडबड नाही, हे आधी लक्षात घ्या. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस साठवतं. २०२५ सालात २/१० टाइप केलं असेल आणि नंतर तो सेल 'टेक्स्ट' केला, तर तिथं ४५९३२ दिसतं. तुम्ही लिहिलेलं २/१० फाइलीत कुठेच उरलेलं नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सेल टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं.

त्यासाठी पूर्ण कॉलम निवडा, कंट्रोल आणि १ एकत्र दाबा, 'नंबर' टॅबमध्ये 'टेक्स्ट' निवडा, ओके करा. एकाच सेलचं काम असेल तर सुरुवातीला वरचं एकेरी अवतरणचिन्ह टाका आणि पुढं २/१० लिहा. ते चिन्ह सेलमध्ये दिसत नाही आणि छापूनही येत नाही. काउंट, लॉट नंबर, डिझाइन नंबर, फोन, बँक खातं, ई-वे बिल (माल पाठवताना काढायचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) नंबर हे सगळे कॉलम आमच्याकडे आता टेक्स्टच असतात. वजन, नग आणि रक्कम मात्र कधीही टेक्स्ट करू नका, बेरजेत ते आकडे धरलेच जात नाहीत.

टेक्स्ट केलेल्या आकड्याच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. त्यावर क्लिक केलं की 'कन्व्हर्ट टू नंबर' असा पर्याय दिसतो. तो घेऊ नका, 'इग्नोर एरर' घ्या. नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा.

सगळ्यात जास्त भीती मला लांब आकड्यांची वाटते. बारा आकडी ई-वे बिल नंबर साध्या सेलमध्ये टाकला की १.२३ई+११ असलं काहीतरी दिसतं. तो निदान परत मिळवता येतो. पण एक्सेल पंधराच आकडे नेमके ठेवतं. सोळा आकडी खातं नंबर म्हणून टाकलं तर शेवटचा आकडा शून्य होतो, आणि कुठलीही सूचना येत नाही. एका रंगारी कारागिराचे पैसे आमच्याकडून असेच परत आले. ऐन सणात त्याला चार दिवस थांबावं लागलं, ते मला अजून खुपतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं नवं एक्सेल असेल तर ही सवय मुळातूनच बंद करता येते. फाइल, ऑप्शन्स, डेटा असं जा आणि 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' शोधा. तिथल्या खुणा काढल्या की ०२१७ मधलं पहिलं शून्य जात नाही, लांब आकडा कापला जात नाही आणि १२ई५ सारख्या डिझाइन नंबरचे बारा लाख होत नाहीत. मात्र तारखेची जी खूण तिथं आहे ती अक्षर आणि आकडा जोडून लिहिलेल्या मजकुरासाठी आहे, उदाहरणार्थ मार्च१. तिरकी रेघ असलेला २/१० त्यातून सुटत नाही. त्याला टेक्स्टच करावं लागतं. हा त्रास आपल्यापुरता नाही. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० च्या नियमावलीत मार्च१ सारखी नावं याच कारणानं बदलली.

पोर्टलवरून किंवा बँकेतून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साध्या मजकुराची फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. कोरी शीट उघडा, 'डेटा' मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'डेटा टाइप डिटेक्शन' ला 'डू नॉट डिटेक्ट' निवडा. डबल क्लिक झालंच असेल तर सेव्ह न करता बंद करा, मूळ फाइल शाबूत राहते.

ईमेल लिहिला की त्याची निळी लिंक होते, ती फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स', 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' इथली हायपरलिंकची खूण काढून बंद होते. दोन अक्षरं लिहिताच पार्टीचं पूर्ण नाव येतं, ते 'ॲडव्हान्स्ड' मधल्या 'ऑटोकम्प्लीट' ची खूण काढली की थांबतं. एकाच आडनावाच्या सहा पार्ट्या असतील तर हे नक्की बंद करा.

आमच्या गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर एक्सेलऐवजी लिबरऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. तिथं 'टूल्स', 'ऑप्शन्स' मध्ये भाषेच्या सेटिंगखाली 'डेट ॲक्सेप्टन्स पॅटर्न्स' नावाची चौकट असते. तीत दिवस/महिना एवढाच नमुना दिसला तर खोडा, वर्षासकटचा ठेवा. मग २/१० आहे तसाच राहतो. गूगल शीट्समध्ये 'फॉरमॅट', 'नंबर', 'प्लेन टेक्स्ट'.

आता जुन्या फाइली. कॉलमची मांडणी हातानं बदललेली नसेल तर टेक्स्ट डावीकडे चिकटतं, आकडा आणि तारीख उजवीकडे. काउंटच्या कॉलमवर वरून खाली नजर फिरवा, उजवीकडे सरकलेली प्रत्येक ओळ चलनाशी ताडून पुन्हा लिहा. सोळा आकडी खात्यांमध्ये शून्यानं संपणारं प्रत्येक खातं पासबुकाशी किंवा रद्द केलेल्या चेकशी जुळवा. आमच्या तीनशे ओळींना एक दुपार लागली, आणि त्यात आणखी दोन चुकीची खाती निघाली.